फक्त कर्मचाऱ्यांसाठी

पडद्यांच्या विभागातल्या त्या बाईला सगळं दुकान 'मोजपट्टी' म्हणायचं. कापड मोजताना ती बोटभरही जास्त देत नसे, आणि त्याचा तिला अभिमान होता. अकरा वर्षं उभं राहून तिच्या पायांच्या शिरा फुगल्या होत्या. आता मजल्याच्या मुख्य बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी बसायचं, म्हणजे अक्षरशः खुर्चीत बसायचं, एवढंच तिला या जन्मात हवं होतं. अख्ख्या मजल्यावर खुर्ची एकच होती.

स्पर्धेत होती ती फक्त टॉवेलवाली, आणि ती गेल्या महिन्यात स्वतःच्या पायांनी चालत खड्ड्यात पडली. दुकानात गिऱ्हाइकांसाठी संडास नव्हता. होता तो गोदामातून मागे, नोकरांपुरता. एकदा गोदामातून भारी चादरींचा गठ्ठा चोरीला गेला, तेव्हापासून बाहेरच्या माणसाला आत सोडायचं नाही, असा मालकांचा नियम होता. तो पाळला जातो का हे बघायला मालक मधूनमधून खोटी गिऱ्हाइकं पाठवत. गेल्या महिन्यात एक पोटुशी बाई कळवळत आली, टॉवेलवालीला पाझर फुटला आणि ती तिला आत घेऊन गेली. आत गेल्यावर बाईंनी पोटावरची उशी सोडली आणि वही काढली. टॉवेलवालीचं नाव यादीतून कटलं.

"या आठवड्यात परत कुणीतरी येणार आहे," मॅनेजरने सोमवारी मोजपट्टीला बाजूला घेऊन सांगितलं. "खुर्ची तुमचीच समजा. फक्त पाघळू नका."

"मी आणि पाघळणार? साहेब, सख्खी आई आली तरी दारातून परत पाठवीन."

गुरुवारी दुपारी एक म्हातारा-म्हातारी पडदे बघायला आली. म्हातारीचं निळा की करडा ठरत नव्हतं. म्हातारा एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत होता. शेवटी तो काउंटरवर वाकला.

"ताई, इथे बाथरूम कुठे आहे हो?"

आले एकदाचे, मोजपट्टी मनात म्हणाली.

"गिऱ्हाइकांसाठी सोय नाही, काका. चौकापलीकडे सार्वजनिक आहे."

"तिथवर नाही पोचायचो मी. ऑपरेशन झालंय, धरून ठेवता येत नाही. दोनच मिनिटं जाऊ द्या."

"नियम आहे."

"अहो, यांना खरंच त्रास आहे," म्हातारी म्हणाली. "मी इथेच थांबते हवं तर. माझी पर्स ठेवून घ्या."

मोजपट्टी त्या दोघांकडे कौतुकाने बघत राहिली. काय सोंग वठवलंय! उशीवालीपेक्षा दसपटीने सरस. कपाळावर घाम, गुडघ्याला गुडघा लावलेला, ओठ पांढरे पडलेले. या वेळी मालकांनी जोडीच धाडली होती, आणि बायकोच्या डोळ्यांत तर पाणीसुद्धा आलं होतं. पलीकडे उशांचे अभ्रे चाळणारी एक चष्मेवाली हात थांबवून हा तमाशा बघत होती.

म्हातारा स्वतःच गोदामाच्या दाराकडे निघाला. मोजपट्टी चटकन पुढे होऊन दारात आडवी उभी राहिली. म्हाताऱ्याच्या कानाशी लागून ती हळूच म्हणाली, "काम झकास करता हं, काका. पण मी ओळखलंय तुम्हाला. पुरे करा आता नाटक."

"कसलं नाटक?" म्हाताऱ्याला काही उमजेना. "पाया पडतो, ताई."

तो खरंच वाकला. आणि वाकताना त्याच्या पँटचा एक पाय वरपासून खालपर्यंत काळा होत गेला. बूट भरले, मग फरशीवर थारोळं झालं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात. हेही आणता येत नाही, हे मोजपट्टीला तेव्हा कळलं.

म्हातारी गळ्यातला रुमाल काढून खाली बसली आणि फरशी पुसू लागली. "माफ करा हं, बाई. पुसते मी. चारचौघांत असं कधी झालं नव्हतं हो यांना."

"ऊठ गं," म्हातारा मान वर न करता म्हणाला. "ऊठ. चल घरी."

मोजपट्टीला वाईट वाटलं. तिला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं, हे कबूल करायलाच हवं. दोघं जिन्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्या तोंडून निघूनही गेलं, "काका, थांबा. या, आत या. पाय तरी धुवून घ्या."

म्हातारा थांबला, वळला.

तेवढ्यात चष्मेवाली अभ्रे ठेवून जवळ आली. तिच्या हातात वही होती. "मालकांकडून आलेय मी. आत्ता तुम्ही त्यांना आत बोलावलंत का?"

मोजपट्टीने वहीकडे पाहिलं. म्हातारा जिन्याशी उभा होता, तिच्या हाकेवर थांबलेला. गोदामाचं दार तिच्या पाठीशी होतं, नुसतं ढकलायचा अवकाश.

"छे," ती म्हणाली आणि हात लांब करून तिने जिन्याकडे बोट दाखवलं. "खाली जायची वाट दाखवत होते. काका, इकडून. उतरा."

चष्मेवालीने लिहून घेतलं. "पैकीच्या पैकी. एवढं झालं तरी दार सोडलं नाहीत. मुख्य बाई तुम्हीच, असं लिहिते."

अकरा वर्षांनी पायांना सुख मिळणार होतं. मोजपट्टीच्या चेहऱ्यावर हसू फुटलं, आणि तोंड मिटायचं तिने लाख ठरवलं तरी ते मिटेना.

म्हातारा अजून तिच्याकडेच बघत होता.

"ताई," तो म्हणाला, "निदान हसू तरी नका."