मी गंगूबाईची जलकुंभी

मी जलकुंभी बोलतेय. नाव ऐकताच नाक मुरडलंत ना? खुशाल मुरडा. आमच्या धामणखेडात तर आता बोलायला शिकणारं पोरसुद्धा माझ्या नावानं बोटं मोडतं. पण माझंही थोडं ऐकून घ्या. चैत्राचं ऊन कडक आहे, ते मला संध्याकाळपर्यंत बोलू देईल असं वाटत नाही.

माझं मूळ गाव कोणतं, ते मला ठाऊक नाही. सातासमुद्रापलीकडचं आहे म्हणतात. मला आठवतो तो अमरावतीच्या कॅम्पातल्या एका साहेबाच्या बंगल्यातला हौद. मडमेनं मला तिथं शोभेसाठी ठेवलं होतं. मी शोभायचेही बरं का! जांभळी फुलं, आणि वरच्या पाकळीवर मोरपिसासारखा निळा-पिवळा डोळा. बंगल्यावर चहाला येणारी मंडळी आधी मला बघत आणि मग चहाकडे वळत.

त्या बंगल्यावर शालिकराम माळी कामाला होता. माझी पिलं हौदाबाहेर आली की त्यानं ती उपटून फेकायची, असा मडमेचा हुकूम होता. पण फुलणारं रोप फेकणं माळ्याच्या जिवावर येतं. त्यानं माझं एक पिलू तांब्यात घातलं आणि सर्व्हिस मोटारीनं गावी निघाला. अचलपूरच्या वाटेवर धामणखेड हे त्याचं गाव. सबंध वाट त्यानं तांब्या मांडीवर धरला होता. शेजारच्यानं विचारलं, "काय हाय गा त्याच्यात? गंगाजय?"

"बायकोले लुगडं नेऊन राहिलो," शालिकराम म्हणाला, आणि स्वतःच हसत सुटला.

त्याची बायको गंगूबाई. तिनं तांब्यात डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाशी धरला. लुगडं मिळालं असतं तरी ती इतकी खूश झाली नसती. विहिरीजवळच्या दगडी डोणीत तिनं मला सोडलं. आठवड्याभरात मी फुलले.

शालिकराम मात्र पुढचा पावसाळा बघायला राहिला नाही. तापानं चार दिवसांत गेला. मागे राहिली गंगूबाई, तिची फुलांची बाग आणि डोणीतली मी. घरधन्याच्या हातची शेवटची वस्तू म्हणून ती रोज मला न्याहाळायची. तेवढं प्रेम मी साहेबाच्या बंगल्यावर पाहिलं नव्हतं.

धामणखेडच्या तळ्याकाठी महादेव आहे. त्याला फुलं वाहण्याचा मान गंगूबाईच्या घराचा. श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिनं माझं फूल पिंडीवर ठेवलं आणि अख्खं गाव बघत राहिलं. कुठलं म्हणून विचारलं, तर 'महादेवाचं' एवढंच ती म्हणाली. तिला वाटलं, देवाच्या पायाशीच हे फूल उमललं तर? म्हणून तिनं माझं एक पिलू तळ्याच्या पायरीशी सोडलं. हात जोडून म्हणाली, "महादेवा, आता तुले रोज फूल भेटन."

इथं माझी एक गंमत सांगायला हवी. माझ्या पायाशी पिलू फुटतं ते बारीक देठानं मला जोडलेलं असतं. देठ तुटला की पिलू वेगळं झालं, असं तुम्ही म्हणता. मी नाही म्हणत. तीही मीच. डोणीतली मी, पायरीपाशी मी. श्रावणात तळ्यात मी एक होते, दिवाळीला मला माझा हिशेब लागेना. पंधरा दिवसांत एकाची दोन, दोनाची चार. तुमच्यात असं कुणाला जमतं का हो?

लोकांनी मला वेळीच उपटलं नाही. कारण मी महादेवाचं फूल! पाणी भरताना बाया मला हातानं हळूच बाजूला सारायच्या आणि बोटं कपाळाला लावायच्या. मी त्या हातांनाही भुलले. मला वाटलं, गावाला मी हवीच आहे. दुसऱ्या पावसाळ्यात निम्मं तळं माझं झालं, तिसऱ्यात सगळं. या काठापासून त्या काठापर्यंत हिरवंगार, आणि वर जांभळ्या फुलांचा शेला. मीच माझ्याकडे बघून थक्क होत होते.

माझ्याखाली काय चाललंय, ते मी पाहिलं नव्हतं. मासे मरत होते, पाण्याला वास सुटला होता.

नत्थुजी पाटलांची ढवळी नावाची गाय होती, तिचं गोऱ्हं सहा महिन्यांचं. दिवाळीनंतर एका सकाळी ते हिरवं रान समजून माझ्यावर चालत आलं. चार पावलं मी त्याला पेललं. पाचव्या पावलाला ते खाली गेलं आणि मी त्याच्यावर पुन्हा मिटले. तळ्यात मासे धरणाऱ्या चंद्रभान भोयानं उडी घेतली, पण माझ्या मुळांच्या गुंत्यात त्याला हात मारता येईना. ढवळी काठावरून दिवसभर हंबरत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा माझी भीती वाटली.

पाटील बांधावर उभे राहून गरजले, "कोनं आणली ही अवदसा गावात? मले नाव समजलं पाह्यजे!"

"पुरात आली असन, पाटील," कुणीतरी म्हणालं. "वरून वाह्यत आली असन."

गंगूबाई फुलाची टोपली घेऊन तिथंच उभी होती. तिनं टोपली पदराखाली घेतली. घरी येऊन माझ्या डोणीशी बसली आणि म्हणाली, "तुले आणलं त्याचं नाव म्या कधी तोंडानं घेतलं नाई, बाई. आता घेऊ, त शिव्या खायासाठी घेऊ?"

मग माझ्याशी लढाई सुरू झाली. पाटलांनी कचेरीत अर्ज धाडला. महिन्यानं कागद आला की वनस्पतीचे नाव व व्यापलेले क्षेत्रफळ कळवावे. कळवेपर्यंत क्षेत्रफळ बदललेलं होतं. मग गावचे गडी विळे घेऊन उतरले. ज्वारी सोंगावी तसं त्यांनी मला सपासप कापलं. अर्धी काठावर टाकली, अर्धी पाण्यात तरंगत राहिली. आता खोटं कशाला बोलू, मी मनातल्या मनात हसले. माझे शंभर तुकडे केले की मी शंभर होते. काठावर पडलेलीही पाय पाण्याकडे लांबवून पुन्हा तळ्यात आली. होळीपर्यंत तळं पुन्हा गच्च भरलं. गडी हात टेकून बसले.

होळीच्या दुसऱ्या दिवशी सगळे बांधावर जमले. पाणी सडत होतं, उन्हाळा तोंडावर होता, गुरं न्यायची कुठं हा प्रश्न होता. गंगूबाई बायांमधून उठली. गावसभेत ती कधी बोलल्याचं मला आठवत नाही.

"पाटील, तुमी इले सोंगून राहिले. ही का जवारी हाय? हे निंदन हाय, निंदन! निंदनाले विळा चालत नाई, बोटं लागतात. मुळासकट उपसाचं, झटकाचं, अन् मूळ आभायाकडं करून ठेवाचं. तवा कुठी ते मरते."

एक म्हातारा म्हणाला, "आता बाया तयात उतरतीन?"

"पऱ्हाटीत निंदाले कोन उतरते गा? तुमी का?"

बाया हसल्या. म्हातारा पागोटं सारखं करत बसला.

पुढचे सोळा दिवस मी जे पाहिलं, ते मी साहेबाच्या बंगल्यावर पाहिलं नव्हतं आणि कुठंही पाहिलं नसतं. कापसाच्या शेतात निंदताना जशी प्रत्येक बाई आपली पात धरते, तशी त्यांनी तळ्यात पात धरली. कमरेइतक्या पाण्यात, एका ओळीत, लुगड्याचे काष्टे कसून. खोल पाण्यासाठी गावातल्या सगळ्या मोटांचे नाडे सोडून त्यांची एकाला एक गाठ मारली. चंद्रभान भोयानं तो लांबच लांब दोर कमरेला बांधून पोहत पलीकडे नेला. दोन्ही काठांवरून बैल जुंपले. तो दोर मला रेटत रेटत बायांच्या ओळीकडे आणू लागला. ज्या नाड्यांवर गावाची मोट चालते, ते नाडे माझ्यासाठी सोडले होते! सोळा दिवस बागा कोरड्या राहिल्या. गंगूबाईचा मोगराही सुकला.

एवढी इवलीशी बोटं, आणि त्यांच्यासमोर अख्खं तळं. मी मनात म्हणायचे, दमतील. संध्याकाळी दमायच्याही. पायाला जळवा लागायच्या, त्यांवर तंबाखू चोळायच्या. आणि सकाळी पुन्हा ओळीत उभ्या! वाढण्याचं वेड मला ठाऊक होतं. न थांबण्याचं हे वेड मला नवीन होतं. मी पंधरा दिवसांत दुप्पट होते हे खरं, पण या बायांनी मला दुप्पट व्हायला पंधरा दिवस दिलेच नाहीत. पहिली ओळ पुढे सरकली की मागून दुसरी ओळ राहिलेलं पान न् पान वेचायची. माझ्यासारखी मीच, असा माझा तोरा होता. तो त्या ओळीपुढे गळून पडला.

सोळाव्या दिवशी तळ्यात मी उरले नाही. बांधावर माझ्या वाळलेल्या गंजीच गंजी. पाटलांनी सगळ्यांना बजावलं, "आता एक पान जरी कुठी राह्यलं, त पावसायात पुन्हा हेच. आपापल्या विहिरी पाहा, डोण्या पाहा."

गंगूबाईनं ते ऐकलं. विहिरीजवळची डोणी भरली की तिचं पाणी नाल्यात जातं आणि नाला तळ्यात. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

आज सकाळी मी डोणीत तीन फुलांनी फुलले होते. ती समोर येऊन बसली. मग तिनं दोन्ही हात पाण्यात घातले, मला अलगद उचललं, आणि भर सकाळी, सगळ्या गावासमोरून मला बांधाकडे घेऊन निघाली. ओट्यावरची माणसं उठून उभी राहिली. सगळे मागे येत होते.

पाटील बांधावर गंजी जाळायच्या तयारीत होते. गंगूबाई त्यांच्यापुढे थांबली.

"पाटील, ही म्या सोडली व्हती तयात. पुरात नाई आली. म्याच सोडली."

पाटलांनी तिच्या हातातल्या फुलांकडे बघितलं. माझ्याकडे बघताना त्यांना काय आठवत असेल, ते मला कळत होतं. "पयले काहून नाई सांगतलं?"

"पयले सांगतलं असतं, त तुमी मले उपटलं असतं, इले नाई." तिनं मला पुढे धरलं. "आता काय कराचं ते करा. महादेवाच्या फुलाचा मान काढून घ्या. माह्या हातानं झालं हे."

पाटलांनी हातातली काडी खाली टाकली. त्यांनी एकदा तळ्याकडे बघितलं. मग बोटानं जमीन दाखवत म्हणाले, "ठेव तिले इथी. मूळ आभायाकडं कर."

तिनं मला उलटं केलं. माझी तीनही फुलं मातीत गेली. तिचा हात माझ्या मुळांवर थोडा वेळ तसाच राहिला, मग निघाला.

ती वळली तेव्हा पाटील म्हणाले, "गंगूबाई, सोमवारी महादेवाले फूल पाह्यजे. कन्हेराचं आनजो."

ती तिथंच खाली बसली आणि रडली. बायांनी तिला वेढलं, एकीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला.

आता दुपार उलटते आहे. माझी पानं कधीच मिटली. पण ही मुळं, जी जन्मभर माझ्या खाली अंधारात लोंबत होती, ती आज उजेडात आहेत. त्यांनी पहिल्यांदा आभाळ पाहिलं. आणि मग उतारावरून खाली पाहिलं तर तिथंही आभाळ! केवढं मोठं, हलणारं, काठापासून काठापर्यंत. तीन वर्षं मी या तळ्याची मालकीण म्हणवत होते, आणि तळं कसं असतं ते मला ठाऊकच नव्हतं. मी होते तिथं ते नव्हतंच. माझ्या मोरपिशी फुलांचा मला केवढा अभिमान होता! या पाण्यापुढे त्यांचं काय मोल?

माझं फूल तुम्हाला कुठं दिसलं, तर बघा, हसा, आणि पुढे जा. घरी नेऊ नका. प्रेमानं तर मुळीच नेऊ नका, कारण मी प्रेमानंच गावात आले होते. आणि मला काढायचं झालंच, तर त्या बायांसारखं काढा.

खाली गुरं पाण्यावर आली आहेत. त्यांत ढवळीही आहे. काठाशी आधी थबकली, पाण्यात स्वतःला बघून बिचकली. आता पुढचे दोन पाय पाण्यात घालून पितेय. गंगूबाई अजून घरी गेलेली नाही, माझ्यापासून हातभर अंतरावर बसली आहे. ती माझ्याकडे बघत नाही, ढवळीकडे बघते आहे. तिनं तिकडेच बघावं. येते मी, राम राम.