बाकावरची ताई

औषध कारखान्याच्या महिला बास्केटबॉल संघाचा प्रशिक्षक झाल्यावर धाकट्या भावाने पहिलं काम काय केलं, तर सख्ख्या बहिणीला बाकावर बसवलं.

ताई सहा फूट एक इंच. पॅकिंग विभागात वरच्या फळीवरचे खोके ती शिडीशिवाय काढायची. तेरा वर्षं बास्केटखालची जागा तिचीच होती. आई गेल्यावर भावाला चेंडू धरायलाही तिनेच शिकवलं. पण आता छत्तिसावं लागलं होतं, बचावासाठी आपल्या बास्केटकडे परत धावताना ती मागे राहायची.

"ताई, यंदा पाचही चपळ पोरी उतरवतोय," तो ताटाकडे बघत म्हणाला. "समोरच्यांना पळवून पळवून दमवायचं."

"आणि हुकलेला चेंडू खाली कोण धरणार?"

"हुकूच द्यायचा नाही."

"असं होय," ताई म्हणाली आणि तिने त्याला भाजी वाढली.

दुसरी एक उंच मुलगी होती, तिलाही त्याने दुसऱ्या संघात जाऊ दिलं. लागोपाठ सात सामने जिंकल्यावर कारखान्यात त्याची पाठ थोपटली गेली. ताई दर सामन्याला बूट बांधून बसायची आणि न खेळताच सोडायची. सरावातही तिचं काम बाटल्या भरण्यापुरतं उरलं.

अंतिम सामन्यात गाठ पडली ती दोन धिप्पाड मुली शेजारी शेजारी खेळवणाऱ्या संघाशी. नेम चुकला तरी चेंडू त्यांचाच. कारखान्याच्या पोरींच्या डोक्यावरून उचलायचा नि पुन्हा टाकायचा. भिंगरी म्हणून ओळखली जाणारी सगळ्यात तरबेज पोर उड्या मारून मारून रडकुंडीला आली. मध्यंतराला संघ चौदा गुणांनी मागे होता.

भाऊ बाकापाशी आला. "ताई, उतरतेस?"

ती उठली. कोपरं बाहेर काढून तिने खाली जागा धरली, पडलेला प्रत्येक चेंडू दोन्ही हातांनी ओढला आणि भिंगरीकडे फेकला. तफावत मिटली. तीन मिनिटं उरली तेव्हा संघ एका गुणाने पुढे होता.

पण दोन महिने बसून काढलेलं शरीर ते. ताईची छाती भात्यासारखी चालली होती. तिने हात वर केला. "मला बाहेर घे रे!"

भावाने बाकाकडे पाहिलं. तिच्या जागी उतरवायला उंच कुणी नव्हतंच. "थोडंच राहिलंय, ताई! दम धर!"

शेवटच्या क्षणी समोरच्यांचा चेंडू कडीवर आपटून ताईपुढेच आला. तिचे पाय जमिनीवरून सुटलेच नाहीत. मागून समोरच्या धिप्पाड मुलीचा हात आला, चेंडू आत गेला, आणि सामनाही हातचा गेला.

"त्या म्हातारीला कशाला उतरवलं?" प्रेक्षकांतून कुणीतरी ओरडलं. दोघेचौघे हसले. भाऊ खाली मान घालून कागद गोळा करत राहिला.

कपडे बदलायच्या खोलीबाहेर त्याने तिला गाठलं. "ताई, चूक माझी होती."

"हे तिथं बोलायचं होतंस," ती म्हणाली. "सगळ्यांसमोर."

पुढच्या हंगामात त्याने दोन उंच मुली शोधून आणल्या आणि त्यांना शिकवायला ताईने यावं म्हणून गळ घातली.

"उंच आहेत ना? मग झालं तर," ताई म्हणाली.

तिने साहेबांना सांगून कामाची पाळी बदलून घेतली, नेमकी सरावाच्या वेळेची. तेव्हापासून दोघांचं जेवणही वेगवेगळ्या वेळी होऊ लागलं.