सुरीचा अंदाज

"दात खुशाल काढा, पण हाड पेरून उगवतं हे मला सांगू नका," कवळीवाले काका हातातली सुरी न थांबवता म्हणाले.

खालच्या मजल्यावर दवाखाना चालवणारी तरुण डॉक्टरीण हसली. "काका, काकूंचा दात काढला की त्या खड्ड्यात हाडाचे दाणे भरायचे, वर पातळ पडदा, मग टाके. चार महिन्यांत त्यांचं स्वतःचं हाड त्यात शिरतं. जबडा फारसा खचत नाही."

काकांना काही ते पटेना. तीस वर्षं ते वरच्या खोलीत कवळ्या बनवत होते. लोकांचे चेहरे विसरत, जबडे विसरत नसत. दात गेला की हाड वर्षागणिक झिजतं, हे त्यांनी प्लास्टरच्या साच्यांत पाहिलं होतं. स्वतःच्या आईला सात कवळ्या करून दिल्या. एकही बसली नाही, कारण खाली धरायला हाडच उरलं नव्हतं. शेवटी शेवटी ती चारचौघांत बोलेनाशी झाली. तिला मऊ, पातळ भरवलं ते काकांच्या बायकोने.

"अहो, मला आईंसारखं गप्प नाही व्हायचं," आता ती म्हणत होती. काकांनी सुरी खाली ठेवली.

दात निघाला, दाणे भरले गेले. त्या दिवशी काकांनी सवयीने बायकोच्या जबड्याचा आधीचा साचा घेतला, त्यावरचा प्लास्टरचा दात कापला आणि चार महिन्यांनी हिरडी कुठवर खचेल ते सुरीने कोरून ठेवलं. या अंदाजात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. या खेपेला मात्र कोरताना त्यांना वाईट वाटलं.

चार महिन्यांनी तिच्या जबड्याच्या ठशाचं नवं माप वर आलं. काकांनी त्यात प्लास्टर ओतलं, घट्ट झाल्यावर दोन्ही साचे शेजारी ठेवले. नवा कोरलेल्यापेक्षा उंच निघाला, चांगला तीन मिलिमीटर. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा मोजलं आणि तरातरा जिना उतरले.

"माप बिघडलंय. परत घ्या."

"काकू इथेच आहेत. हातमोजा घाला, स्वतःच बघा," डॉक्टरीण म्हणाली.

काकांनी बायकोच्या हिरडीवर बोट ठेवलं. दाबलं. बोट आत गेलं नाही. खाली हाड होतं, रुंद आणि टणक. ते परके दाणे तिच्या शरीराने आपलेसे करून घेतले होते. जेवताना, झोपताना, अगदी नवऱ्याशी भांडतानासुद्धा हे काम आत चालूच होतं. काकांनी पुन्हा दाबून पाहिलं.

"बोट काढा की, बोलायचंय मला," ती कशीबशी म्हणाली. बोट निघताच तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "आमच्या आईंना झालं असतं हे?"

"दात काढतानाच भरलं असतं तर बरंच हाड वाचलं असतं."

काकांनी हातमोजा काढला.

"तीस वर्षांत माझी सुरी पहिल्यांदा चुकली," ते म्हणाले. मग बाहेर बसलेल्या पेशंटांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने पुन्हा म्हणाले, "साफ चुकली."