अनुदान येईपर्यंत

निशातनं नागपूरहून बहिऱ्या मुलांना शिकवायची पदवी आणली, तेव्हा आलापल्लीत तिच्या अब्बांनी मोहल्ल्यात पेढे वाटले. शिक्षण बँकेच्या कर्जावर झालं होतं. जामीन होता मोठा भाऊ अकरम, बसस्टँडजवळ शिलाईचं दुकान चालवणारा. नोकरी लागली की फेडून मोकळे होऊ, असं सगळेच धरून चालले होते.

नोकरी लागली कुरखेड्याला, मूकबधिर मुलांच्या निवासी शाळेत. शाळा विनाअनुदानित. अनुदान आज येईल, उद्या येईल, असं म्हणत संस्थाचालक मानधन द्यायचे, तेही जमेल तेव्हा. त्यात खोलीभाडं आणि दोन वेळचं जेवण कसंबसं निघायचं. बँकेचा हप्ता अकरमच भरायचा. त्यापायी त्याचं लग्न दोनदा पुढं गेलं. तो तोंडातून शब्द काढत नसे, आणि निशातला तेच जड जायचं. एखाद्या वेळी चिडला असता तर तिला बरं वाटलं असतं.

वर्गात एटापल्लीकडच्या जंगलातली सोमारी होती. नऊ वर्षांची झाली तरी तिला कोणतीच भाषा नव्हती. आली तेव्हा महिनाभर खिडकीखाली अंग चोरून बसून राहिली. निशातनं तिचा हात आपल्या गळ्यावर ठेवून आवाजाची थरथर दाखवली, ओठ दाखवले, खुणा शिकवल्या. वर्ष सरता सरता सोमारी माठापाशी उभी राहून ‘पा’ म्हणाली. वर्षभराच्या कष्टाचं एवढंच फळ, पण निशात त्या दिवशी जेवण विसरली.

तिसऱ्या वर्षी चंद्रपूरच्या एका इंग्रजी शाळेतून बोलावणं आलं. साध्या मुलांना विज्ञान शिकवायचं, पगार तिप्पट, आणि तो दर महिन्याला. आठवडाभर निशातचं मन इकडून तिकडं होत राहिलं. शेवटी तिनं शाळेत सोबत शिकवणाऱ्या इंदुताईंना विचारलं. त्यांचे यजमान वनखात्यात होते.

“तू जा, निशात,” इंदुताई म्हणाल्या. “माह्या घरी नवऱ्याचा पगार येते म्हणून मी इथी टिकून राह्यली. तुह्या भावानं किती दिवस भरावं?”

निशातनं त्याच रात्री चंद्रपूरला होकार कळवला.

जायच्या दिवशी तिनं सोमारीला समोर बसवलं. आपण चाललो, हे तिनं खुणेनं सांगितलं. सोमारी हसली. मास्तरीणबाई सुट्टीत घरी जाते आणि परत येते, एवढंच तिला ठाऊक होतं. परत न येण्याची खूण निशातनं तिला कधी शिकवलीच नव्हती, आणि आता शिकवायला तिचे हात उचलेनात. सोमारीनं फाटकापर्यंत तिची पिशवी नेऊन दिली.

चंद्रपुरात कोळशाची धूळ होती आणि वर्गभर कान शाबूत असलेली पोरं होती. ऐकत त्यांतलं कुणीच नव्हतं. निशात शिकवायची, वह्या तपासायची, खोलीवर येऊन पडायची. हप्ते मात्र वेळेवर जाऊ लागले. अकरमचं लग्न झालं. शमीमभाभी घरात आली.

पुढच्याच वर्षी इंदुताईंचा फोन आला. शाळेला अनुदान लागलं होतं, टिकलेल्या सगळ्यांना पूर्ण वेतनश्रेणी मिळाली होती. निशातच्या जागेवर दुसरी बाई घेतली होती. आनंदाची बातमी इंदुताई अपराध्यासारख्या सांगत होत्या. निशातनं अभिनंदन केलं, मग सोमारीचं विचारलं.

“सुट्टीनंतर लय दिवस फाटकापाशी उभी राहे,” त्या म्हणाल्या. “आता नाई राहत.”

निशातनं फोन ठेवला आणि पुढच्या तासाला वर्गात गेली.

कर्ज फिटलं ते २००८ साली. त्याच उन्हाळ्यात अपंग मुलांना शिकवायला गावोगाव फिरणाऱ्या विशेष शिक्षकांची कंत्राटी भरती निघाली. पगार चंद्रपूरपेक्षा कमी, कंत्राट वर्षावर्षाचं. निशातनं हे सगळं अकरमला सांगितलं, काही लपवलं नाही. तो पँटला काज करत होता. त्यानं सुई कापडात खोचून ठेवली.

“काऊन जातेस?”

“मले तेच येते, भाई.”

“आता डोक्यावर कर्ज नाई न? मंग जा,” तो म्हणाला. “फक्त यावेळी मले जामीन ठेवू नको.”

दोघंही हसले, पण थकल्यासारखे.

तिच्या वाट्याला एटापल्ली तालुका आला. पहिल्याच गावात एका बाईनं आपली चिमुरडी पोर पुढं ढकलली. ही येडी आहे, हाक मारली तर बघत नाही, असं अंगणवाडीताईनं त्या बाईचं माडिया बोलणं मराठीत करून सांगितलं. निशातनं पोरीच्या पाठीमागं जाऊन जोरात टाळी वाजवली. पोर मातीत रेघा ओढत राहिली.

“येडी नाई. हिले ऐकू येत नाई,” निशात म्हणाली.

हिला शिकवायला किती दिवस लागतील, असं त्या बाईनं विचारलं. बसनं आणि उन्हानं निशातचं अंग आंबून गेलं होतं. लय दिवस लागतील, असं तिनं खरं तेच सांगितलं, आणि पोरीसमोर मातीत बसली.