सरस्वतीभोवती लिहिलेले शब्द

मी एक जुना फळा आहे. 'काळा फळा' म्हणायची सोय आता राहिली नाही, कारण खडू खाऊन खाऊन माझा रंग राखाडी झाला आहे. उजवा कोपराही गेला आहे. पण स्मरणशक्ती शाबूत आहे बरं का! तेव्हा मित्रांनो, जरा सरकून जवळ बसा.

माझा जन्म समुद्रापारच्या आमच्या बेटावरचा, रोझ बेल गावचा, १९५३ सालचा. सुरेंद्र सुतारानं एका पडलेल्या बदामाच्या झाडाच्या फळ्या तासल्या, सांधल्या आणि दिव्याची काजळी घालून केलेला रंग मला चोपडला. "शिकव आता लेकरांना," असं म्हणून त्यानं मला बैठकेच्या भिंतीला टेकवलं. बैठका म्हणजे आमच्या मराठी लोकांची संध्याकाळची शाळा, देवघर आणि पंचायत, सगळं एकाच पत्र्याखाली. भोवताली ऊसच ऊस. तोडणीच्या दिवसांत मळीचा वास थेट वर्गात यायचा.

आमचे चंद्रमोहन गुरुजी दिवसा पोर्ट लुईला सरकारी कचेरीत कारकून होते. संध्याकाळी बसमधून उतरले की घरी न जाता सरळ माझ्याकडं यायचे. आधी मराठी अक्षरं गिरवून घ्यायचे. मुलं अर्धं मराठी, अर्धं इथली क्रेओल बोली बोलायची. "मो पा कोंप्राँ, गुरुजी, समजलं नाही, परत सांगा ना!" असं कुणी म्हटलं की गुरुजी पुन्हा सांगायचे. कंटाळा हा शब्द त्यांना ठाऊकच नव्हता.

मग मोठ्या मुलांचं इंग्रजी. त्यात गुरुजींची एक लाडकी युक्ती होती. शब्दाचं शेपूट धरायचं! "शेवटी 'रियम' ऐकू आलं," ते म्हणायचे, "की बहुतेक वेळा समजावं, कशासाठी तरी राखलेली जागा आहे." मग माझ्या अंगावर एकेक शब्द उतरायचा. अक्वेरियम, म्हणजे पाण्यातले जीव ठेवायची जागा. हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या पानाफुलांची जागा; त्यासाठी त्यांनी पांपलमूसच्या बागेतलं एक वाळकं पान खिशातून आणलं होतं. ऑडिटोरियम, ऐकायला बसायची जागा. सॅनेटोरियम, आजाऱ्यांनी बरं व्हायची जागा.

"मग गुरुजी, आमचा गोठा म्हणजे काऊएरियम?" नवीन नावाच्या मुलानं विचारलं. पोरं खो खो हसली. गुरुजीही हसले आणि म्हणाले, "बाबा रे, तुझा नियम बरोबर आहे, पण इंग्रजांना अजून कळवलेलं नाही." काय दिवस होते ते! आज आठवलं तरी मन भरून येतं.

माझ्या अगदी नाकासमोर देवकी बसायची. १९५८ साली ती नर्सच्या भरतीची परीक्षा देणार होती. तिला वडील नव्हते. आई, कुसुमावती, लोकांचे कपडे शिवून घर चालवायची. काकांनी साफ सांगितलं होतं, पास झाली तर शिकू दे, नाही तर लग्न ठरलंच म्हणून समजा. दवाखान्यातले इंग्रजी शब्द परीक्षेत हमखास येतात, असं गुरुजींना वाटायचं. म्हणून 'रियम'वाले सगळे शब्द अर्थांसकट त्यांनी माझ्या डाव्या अंगावर लिहून ठेवले आणि खाली बजावलं, 'पुसू नये'. देवकी रोज येऊन ते घोकायची.

नेमकी परीक्षा आली दसऱ्याच्या सकाळी.

मित्रांनो, आमच्यात नवमीला वह्यापुस्तकं पूजेत मांडतात आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत त्यांना हात लावत नाहीत. देवकीची वही तिच्या आईनंच पूजेत ठेवली होती. मुलगी निर्धास्त होती, कारण फळा होता ना! पण बैठकेचे अध्यक्ष प्रेमचंदभाऊ नवमीच्या भल्या सकाळी आले. माणूस देवभोळा. देवीची जागा लख्ख हवी म्हणून त्यांनी ओलं फडकं घेतलं आणि मला डावं-उजवं, सगळं पुसून काढलं. मग मधोमध मोरावर बसलेली सरस्वती काढली आणि हळदकुंकू वाहिलं. मी ओरडणार तरी कसा?

त्याच दिवशी दिवेलागणीला देवकी आईबरोबर आली. माझ्याकडं बघितलं आणि माझ्या डाव्या अंगावर शब्द शोधू लागली. माझ्या अंगावर साक्षात विद्येची देवी आणि समोर रडवेली विद्यार्थिनी! मला माझीच लाज वाटली.

"भाऊ, पुसू नये असं लिहिलं होतं ना?" गुरुजी कळवळून म्हणाले.

"देवीसाठी पुसलं, गुरुजी! आता काय देवीला पुसू?" प्रेमचंदभाऊ म्हणाले. आपल्या हातून काय झालं ते त्यांना कळून चुकलं होतं.

 तेवढ्यात कुसुमावती पुढं झाली. "देवीला पुसायचं कशाला? तिच्या भवताली जागा हाय की! सरस्वतीच हाय ना ती? अक्षरांचा तिला कसला विटाळ?"

 प्रेमचंदभाऊंनी पूजेतला खडू उचलला, कपाळाला लावला आणि गुरुजींच्या हातात दिला. गुरुजी म्हणाले, "देवकी, तू सांग, मी लिहितो."

ती डोळे पुसून सांगू लागली. वीणेच्या बाजूला सॅनेटोरियम आलं, मोराच्या पिसाऱ्यापाशी अक्वेरियम आलं. सांगता सांगता एका शब्दाला मात्र ती अडली.

"ऊन खायची जागा, ती कुठली गो बाय?" प्रेमचंदभाऊ म्हणाले. "परवा दारात बसून घोकत होतीस. मी ऐकलंय."

"सोलॅरियम!" देवकी ओरडली आणि सगळे हसले. मी तर सांध्यासांध्यात सुखावलो. इतका सुंदर मी त्याआधी कधी दिसलो नव्हतो आणि नंतरही नाही.

देवकी पास झाली. निकाल कळला त्या संध्याकाळी प्रेमचंदभाऊंनी सगळ्या बैठकेला लाडू वाटले. पुढं ती मोठ्या दवाखान्यात नर्स झाली.

१९६० च्या वादळात पत्रे उडाले, तेव्हा माझा कोपरा तुटला. पुढं देश स्वतंत्र झाला, सिमेंटची नवी बैठका बांधली, नवा गुळगुळीत फळा आला. गुरुजी आता नाहीत. त्या दसऱ्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून लोकांनी मला मानानं उंचावर टांगलं आहे. येणारे जाणारे हात जोडतात, हार घालतात. "त्याला हात लावू नका हं," असं मुलांना दटावतात. आणि मुलंही हल्ली थोडीच येतात.

माणसं प्रेमानंच करतात, मला कळतं. पण मित्रांनो, इथं टांगल्यापासून माझ्या अंगावर एक अक्षर पडलेलं नाही. माझा सांभाळ करायचा असेल तर मला खाली उतरवा. मराठी लिहा, इंग्रजी लिहा, चुकलात तरी लिहा. इतकं लिहा, की मला पुसायला कुणीतरी लागेल.