जिना सोडून पंच्याहत्तर

काटेसाहेबांचे गुण चव्वेचाळीसवरून पंच्याहत्तरवर गेले, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी मला बोलावून शाबासकी दिली. मी फक्त प्रश्नावली भरून घेते.

हृदय अशक्त झालेल्या रुग्णांना दर महिन्याला ही प्रश्नावली द्यायची. अंघोळ, कपडे घालणं, जिना चढणं, बाजारातून सामान आणणं अशी आठ कामं. प्रत्येकापुढे 'खूप दम लागला'पासून 'अजिबात नाही'पर्यंत, म्हणजे शून्यापासून शंभर गुणांपर्यंत, पाच चौकटी आणि शेवटी सहावी: 'हे काम केलं नाही'. साठच्या वर गुण गेले की तपासणी महिन्याऐवजी सहा महिन्यांनी, हा डॉक्टरांचा नियम. रुग्णांच्या गुणांचा वर चढत जाणारा आलेख त्यांनी बाहेर भिंतीवर लावलाय, रुग्णांना उभारी यावी म्हणून. दम लागलेली माणसं त्याच्याखालीच बसतात.

काटेसाहेबांना मी पुढची तारीख सांगितली. त्यांची सून खूश झाली. बाबा हल्ली तक्रारच करत नाहीत, असं तिने कौतुकाने सांगितलं. मागच्याच महिन्यात काटेसाहेबांच्या पायांना सूज होती, अंगात तीन किलो पाणी साठलेलं. ते वेळेत सापडलं, कारण ते दर महिन्याला येत होते.

त्यांनी कागद मागितला. वजनमाप निरीक्षक म्हणून चाळीस वर्षं दुकानदारांची वजनं उलटी करून खालचा शिक्का बघितलेला माणूस. कागदही त्यांनी आधी उलटा करून पाहिला.

"इथे पाच ठिकाणी मी 'केलं नाही' म्हटलंय. त्याचे गुण किती धरलेस, बाळ?"

ती कामं वगळतात, उरलेल्या तीन कामांची सरासरी काढतात, असं मी सांगितलं. सांगता सांगता माझंच तोंड उतरलं. जिना झेपेना म्हणून त्यांनी खाट खाली आणली होती, बाजार बंद केला होता, अंघोळीला पाणी सून अंगावर ओतत होती. जे झेपत नाही ते त्यांनी सोडलं, आणि जे सोडलं ते आमच्या हिशेबातून गळलं.

"म्हणजे आणखी दोन सोडून नुसते दात घासत बसलो, की पैकीच्या पैकी," ते म्हणाले. हसण्याच्या नादात त्यांना खोकला आला.

मी डॉक्टरांना हे सांगायला गेले. ही पद्धत जगभर चालते, असं त्यांनी मला ऐकवलं, आणि नुकती पदवी घेतलेल्यांना सगळीकडे चुका दिसतात, हेही. तेवढ्यात काटेसाहेब दारात येऊन उभे राहिले.

"साहेब, काटा तपासायचा तर त्यावर वजन ठेवून बघतात. जिना समोरच आहे. चला."

बाहेर बसलेले सगळे ऐकत होते, म्हणून डॉक्टरांना उठावंच लागलं. काटेसाहेब कठडा धरून चढायला लागले. सातव्या पायरीवर ते बसले. ओठ निळसर पडले होते. दोन-तीन मिनिटं त्यांच्याने बोलवेना. सुनेचा हात तोंडावर गेला होता. तिने त्यांना गेल्या महिन्याभरात जिन्यावर पाहिलंच नव्हतं. डॉक्टर नाडी धरून खाली वाकले, तर काटेसाहेबांनी प्रश्नावली त्यांच्यापुढे केली.

"आता खूण तुम्ही करा."

डॉक्टरांनी 'खूप'वर खूण केली. मी उभ्या उभ्या भागाकार केला. तीन कामांचे दोनशे पंचवीस, जिन्याचा शून्य, भागिले चार. छप्पन. महिन्याची तपासणी कायम राहिली.

बाकीच्या रुग्णांच्या सहाव्या चौकटी तपासू का, असं मी विचारलं. डॉक्टर काटेसाहेबांची फाइल लिहीत राहिले. नंतर मी ती उघडून पाहिली. सुवाच्य अक्षरात शेरा होता: 'रुग्णाची प्रकृती एका भेटीत एकोणीस गुणांनी खालावली.'