कुंकू लागलेल्या नऊ बाटल्या

मी उबेची पेटी बोलतेय. पेटी म्हटल्यावर कुणाला दागिने आठवतात, कुणाला भजनातली हार्मोनियम. माझ्या पोटात मात्र चिलटं असायची. हो, तीच, पिकल्या केळ्यांवर घोंघावणारी. हसून घ्या. पहिले सहा महिने माझी मलाच लाज वाटायची.

वराळ्याच्या नथू सुतारानं मला आंब्याच्या फळ्यांतून घडवलं. पुढं काचेचं दार, आत दोन कप्पे, तळाशी विजेचा एक दिवा. दिवा लागला की मी ऊबदार, विझला की गारठलेली. एवढाच माझा स्वभाव. आल्यागेल्यासमोर मी सागाची असल्याचा तोरा मिरवायचे. पावसाळ्यात दार फुगून बसलं की बिंग फुटायचं.

साल असेल बासष्ट-त्रेसष्ट. लोणावळ्यातल्या एका जुन्या बंगल्यात विद्यापीठानं सामाईक केंद्र काढलं होतं. आईबापांचे गुण पोरांत कसे उतरतात याचा शोध घेणाऱ्या सगळ्या कॉलेजांना मिळून हे एकच ठिकाण. चिलटांची पिढी दहा-बारा दिवसांत उभी राहते, म्हणून ती माझ्या पोटात वाढवायची. ज्याला जी जात हवी तिची बाटली त्यानं न्यायची. मायक्रोस्कोप सगळ्यांत एकच, तो पाळीपाळीनं वापरायचा.

पाळीपाळीनं! कागदावर हा शब्द फार गोंडस दिसतो. एकदा दोन प्राध्यापक एकाच स्टुलावर अर्धे अर्धे बसलेले मी पाहिलेत. कुणीच उठेना. तासाभरानं दोघंही चहाला एकदमच उठले, म्हणजे कुणाची हार नको. आणि एवढं भांडून मायक्रोस्कोप मिळाला, तरी यातला नर कुठला नि मादी कुठली हे कळायचं नाही. मग हाक यायची, "हिरे, जरा बघ गं इकडं."

हिरी कुरवंड्याजवळच्या ठाकरवाडीतली. बाटल्या धुवायला म्हणून तिला ठेवलेलं. मक्याचं पीठ नि गूळ शिजवून चिलटांचं जेवण तीच करायची, कापसाची बुचं तीच वळायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून ती प्रत्येक जातीच्या बाटलीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधायची. मायक्रोस्कोपाची तिला गरजच नसे. बाटली उजेडात धरायची नि म्हणायची, "ह्यो काळ्या बुडाचा, ह्यो नर." प्राध्यापक वहीत उतरवून घ्यायचे. निबंध छापून यायचे, त्यांत तिच्या नावाचं एक अक्षर नसायचं.

केंद्राचे प्रमुख बाजीराव सर. दोन वर्षांत त्यांनी केंद्राचा बोर्ड चारदा रंगवून घेतला आणि माझं दार एकदाच उघडलं. ते एकदाच पुरलं.

खंडेनवमीचा दिवस होता. सरांनी ठरवलं, चिलटं म्हणजे आपली शस्त्रं, त्यांचीही पूजा झालीच पाहिजे. माझ्या वरच्या कप्प्यात पांढऱ्या डोळ्यांच्या चिलटांच्या दहा बाटल्या होत्या. पुण्याच्या कॉलेजातल्या नंदाबाईंनी तीन वर्षं निवडून निवडून ती जात तयार केली होती. तीर्थ आतवर पोचावं म्हणून सरांनी पुढच्या नऊ बाटल्यांची बुचं काढून ताटात ठेवली. दहावी मागच्या कोपऱ्यात होती, तिथवर त्यांचा हात पोचेना. मग नऊ बाटल्यांना कुंकू लावलं, आंब्याच्या पानानं तीर्थ शिंपडलं आणि खालच्या कप्प्यात पिकलेल्या केळ्यांची फणी ठेवली.

हिरी दारातून म्हणाली, "सायब, केळी हितं नगा ठिवू. भायेरची चिलटं आत शिरत्याल."

"सणासुदीचं अभद्र बोलू नकोस, हिरे. देवाला कळतं काय शिरायचं ते."

आरती झाली. मोठी झाली, सगळी कडवी म्हटली. तोवर नऊ बाटल्या उघड्या.

आता माझंही सांगते. मला झेंडूची माळ घातली होती. जन्मात पहिल्यांदा कुणी मला हार घातला होता. अशी फुगले होते, की लाल डोळ्यांची रानचिलटं माझ्याच नाकासमोरून बाटल्यांत उतरताना पाहिली आणि माळ सरळ बसलीय ना, याचाच विचार करत राहिले. सरांना हसते मी, पण त्या दिवशी आम्ही दोघं एकाच माळेचे मणी होतो.

तेरा दिवसांनी नंदाबाई बाटल्या न्यायला आल्या. उजेडात धरतात तो आत जागोजागी लाल डोळे.

सरांना कारण शोधायला क्षणही लागला नाही. "अडाणी बाईच्या हातात शास्त्र दिलं की हेच व्हायचं. लाल डोळ्यांच्या बाटलीतली पांढऱ्यात ओतली असणार हिनं. हिरे, उद्यापासनं येऊ नकोस."

"म्या न्हाई वतली, सायब."

"मग काय ती आपण होऊन चालत आली?"

हिरीच्या घरात तिच्या या कामावर पाच तोंडं होती. पण ती रडली नाही. नंदाबाईंकडं वळून एवढंच म्हणाली, "बाई, जायाच्या आधी येक करा. समद्या भायेर काढा नि कुंकू बगा."

"कुंकू?"

"बगा तरी."

नंदाबाईंनी एकेक बाटली टेबलावर मांडली. कुंकू असलेली बिघडलेली. कुंकू असलेली बिघडलेली. अशा नऊ. मग टाचा उंचावून कोपऱ्यातली दहावी काढली. तिला कुंकू नव्हतं. आत सगळी पांढऱ्या डोळ्यांची, एकही लाल नाही.

"जेवन येक, दोरा येक, हात माजाच," हिरी म्हणाली. "माजी चूक आसती तर हीबी नासली आसती. हिला फकस्त सायबाचा हात न्हाई लागला."

नंदाबाई सरांकडं बघत राहिल्या. सर खिडकीकडं. मग म्हणाले, "हवामान. लोणावळ्याचं हवामानच विचित्र."

हिरीचं काम राहिलं. माफी कुणी मागितली नाही. ती मागायची असते हे त्या बंगल्यात फक्त हिरीलाच ठाऊक होतं. नंदाबाईंनी त्या एका बाटलीतून जात पुन्हा उभी केली आणि आपल्या निबंधात हिरीचं नाव घातलं. सरांनी ते खोडायला सांगितलं. बाईंनी खोडलं नाही. सरांनी मात्र मोठ्या अक्षरांत सूचना लावली: 'केंद्रात केळी आणण्यास सक्त मनाई आहे.' खाली स्वतःची सही. ती सूचना वाचत वाचत ते व्हरांड्यात केळं खायचे.

पुढं पोलादाची नवी पेटी आली आणि मला अडगळीत टाकलं. तिथून हिरीनं मला मागून नेलं. आता मी तिच्या पडवीत असते. दिव्याच्या जागी कंदील आलाय, पोटात कोंबडीची पिल्लं. ती फार घाण करतात, पण एकही प्राध्यापक नाही.

खंडेनवमीला हिरी आजही मला कुंकू लावते. आधी दार घट्ट लावते, मग काचेवर बाहेरून एकच बोट टेकवते. तुम्हाला कुणाची पूजा करावीशी वाटली तर खुशाल करा. फक्त तेवढं दार लावायचं हिरीकडून शिकून घ्या.